भिंतीवरची पेन्सिलीची खूण

॥ श्री सद्गुरवे नमः ॥

मागच्या गुरुवारी आरतीनंतर महाराज जे बोलले, ते जसं आठवलं तसं देत आहोत. घरच्या ग्रुपवर जरूर वाचून दाखवा.

"इंदूरच्या आपल्या एक ताई आहेत. त्यांना विचारूनच सांगतोय. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, काखेतल्या गाठी काढल्या, मग रेडिएशन. त्यानंतर सत्संगाला येईनाशाच झाल्या. निरोप धाडला तर म्हणाल्या, 'महाराज, आरतीचं तबक उजव्या हातानं उचलत नाही. लोक विचारतात. घरीच नाम घेते, बाकी प्रारब्ध.'

बाळांनो, हा प्रारब्ध शब्द आपण फार स्वस्त केलाय. ताईंना भीती होती. हात हलवला तर टाके उसवतील, सूज येईल, म्हणून हात छातीशीच धरून ठेवला. खांदा आखडला. खोल श्वास घेतला की छाती ओढायची, म्हणून श्वासही वरच्यावर. जिना चढला की दम. यात प्रारब्ध कुठे आलं? हात हलवला नाही, एवढंच.

मग फिजिओथेरपी सुरू झाली. भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं आणि बोटं मुंगीसारखी वर चालवत न्यायची. ताण जाणवला की थांबायचं, कळ येईपर्यंत नाही. काखेपासून कोपराकडे कधी तारेसारखी ताठ दोरी हाताला लागते. ती व्यायामानं बहुधा सैल होते, पण दाखवून घ्यायची. श्वासासाठी पाठीवर निजून गुडघे वाकवायचे, हात पोटावर. नाकानं श्वास घेताना पोट वर आलं पाहिजे. मग ओठांचा चंबू करून हळूहळू सोडायचा. मी त्यात एवढंच घातलं, की घेताना अर्धं नाम, सोडताना अर्धं. माळ मोजायची नाही. चक्कर आली तर थांबायचं. कुंभक, भस्त्रिका, कपालभाती मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच नको.

रेडिएशननंतर काही आठवड्यांनी, महिन्यांनी कोरडा खोकला, ताप, वाढता दम असं झालं, तर फुप्फुसाला सूज असू शकते. तेव्हा घरी काढे करत बसू नका. अंगारा लावा हवं तर, पण त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. हात सुजला, लाल झाला, गरम लागला तरी तेच. नामानं गाठ विरघळते असं मी कधी म्हटलेलं नाही. माझ्या नावावर कुणी सांगितलं तर ऐकू नका.

आता घरच्यांचं. ताईंचे यजमान म्हणाले, 'मला यातलं काय कळतंय?' म्हटलं, पेन्सिल धरता येते ना? पोरांची उंची मोजत होतात, तशी रोज ताईंचं बोट कुठवर गेलं त्याची भिंतीवर खूण करा. पाण्याची कळशी तुम्ही उचला. आता म्हणतात, काही दिवस खूण खालीसुद्धा येते. येऊ द्या. रेडिएशननंतरचं आखडणं महिनोन्‌महिने येत राहतं, म्हणून हात वर जायला लागला तरी व्यायाम सोडायचा नाही.

आज ताई समोर बसल्यात. मघाशी तबक डाव्या हातात होतं, उजवा खालून टेकवला होता. खांद्याच्या वर गेलं नाही. पण मी पाहिलं, शेवटच्या कडव्यापर्यंत म्हणत होत्या, दम न लागता."

पुढच्या गुरुवारी आरती नेहमीच्या वेळी. ऑपरेशन झालेल्या भगिनींसाठी पुढच्या ओळीत खुर्च्या ठेवल्या आहेत.

॥ जय गुरुदेव ॥