निळ्या डोळ्यांचा पाहुणा



गेल्या उन्हाळ्यात आम्ही घरची मंडळी एका प्राणी निवारागृहात गेलो होतो. मुलांना कुत्रा हवा होता आणि विकत घ्यायचा नाही, हे आमचे ठरले होते. तिथे गार फरशीवर पोट टेकवून एक हस्की धापा टाकत पडला होता. वय जेमतेम आठ महिने, डोळे निळे. मुले जागची हलेनात.

कुणीतरी हौसेने ते पिल्लू विकत घेतले होते. ते वाढले, घरभर केस गळू लागले, दिवसभर एकटे राहून त्याने सोफा फाडला, रात्री ते लांब सूर काढू लागले. मग मालकाने त्याला इथे आणून सोडले.

हस्की हा मुळात सायबेरियातील चुकची लोकांचा गाडी ओढणारा कुत्रा. १९२५ साली अलास्कातील नोम गावात घटसर्पाची साथ आली, तेव्हा अशाच कुत्र्यांच्या तुकड्यांनी सुमारे १,०८५ किलोमीटर बर्फ तुडवून साडेपाच दिवसांत औषध पोहोचवले. केसांचा दुहेरी थर अंगावर वागवणारा हा जीव आपल्याकडच्या मे महिन्यात काय सोसत असेल!

त्याला घरी नेणे ही दया होती की आमची हौस? शेजारच्या पिंजऱ्यात एक लंगडा गावठी कुत्रा होता. खरे सांगायचे तर तो आम्हाला परत निघताना दिसला.

घरी आजी म्हणाली, "माणसांना खायला नाही आणि तुम्ही कुत्र्याला एसी लावणार?" तिचे म्हणणे झटकून टाकण्यासारखे नव्हते. कॅथलिक चर्चच्या धर्मशिक्षण ग्रंथात (परिच्छेद २४१६ ते २४१८) दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी आहेत : प्राण्यांना ममतेने वागवणे हे आपले देणे आहे, पण गरिबांच्या दुःखनिवारणाचा पैसा त्यांच्यावर उधळणे योग्य नाही.

आम्ही दोन आठवडे विचार केला. त्याला सायबेरियाला कुणी नेणार नव्हते. चूक त्याची नव्हती आणि आमचीही नव्हती. ज्याने केली तो केव्हाच निघून गेला होता. पण न केलेली चूक कुणीतरी आपल्या अंगावर घेतल्याशिवाय ती निस्तरत नाही. आम्ही त्याला आणले ते स्वतःला अटी घालून. ऊन चढण्याआधी, पहाटे पाचला त्याला फिरवायचे. दुपारी एक खोली गार ठेवायची. उकडते म्हणून त्याचे केस भादरायचे नाहीत, कारण तेच त्याला उन्हापासूनही जपतात. आणि विजेचे वाढीव बिल आमच्या सहलीच्या पैशांतून भरायचे, दानधर्माच्या पैशांतून नाही.

प्राण्याला उपाशी-तहानलेले टाकून देणे हा १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे. पण आवडते म्हणून आणणे आणि जड झाले की सोडणे, ही सवय मनाला लागली की ती कुत्र्यापाशीच थांबेल, याची खात्री कोण देईल?

आता मुले निळ्या डोळ्यांचे कौतुक सांगत नाहीत. पहाटे उठण्याची पाळी कुणाची, यावर भांडतात. आजी कुरकुरते आणि त्याच्या भांड्यात गार पाणी ओतते.

तो लंगडा गावठी मात्र अजून तिथेच आहे. त्याला एसी लागत नाही.