मायेचा निवाडा

सत्य ठाऊक असलेल्या माणसाने ते ठाऊक नसलेल्यांशी कसे वागावे, हा नीतिविचारातील एक जुना प्रश्न आहे. वैद्य आणि रोगी, गुरू आणि शिष्य, न्यायाधीश आणि पक्षकार यांच्या संदर्भात त्याची चर्चा पुष्कळ झाली आहे. परंतु हाच प्रश्न एका खेळात फार स्वच्छ रूपात उभा राहतो. तो खेळ आपल्या पिढीच्या परिचयाचा नाही. म्हणून प्रथम त्याची थोडी ओळख करून देणे आवश्यक आहे.

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ साली अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनिव्हा या छोट्या गावातून प्रसिद्ध झाला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. प्रत्येक जण योद्धा, चोर, पुरोहित, जादूगार अशी एखादी भूमिका घेतो. एक जण मात्र ‘डंजन मास्टर’ होतो. आपण त्याला सूत्रधार म्हणू. समोर काय दिसते ते सूत्रधाराने सांगायचे, आपण काय करतो ते खेळाडूंनी सांगायचे, आणि परिणाम अनिश्चित असेल तेथे फासे टाकायचे. त्यांतला मुख्य फासा वीस पैलूंचा असतो. राक्षस, पहारेकरी, वाटसरू या साऱ्यांच्या वतीने सूत्रधारच बोलतो, आणि पंचही तोच. माझा एक नातू हा खेळ खेळतो. त्याच्याकडून नियमपुस्तके मागून घेऊन मी ती वाचली. नियमपुस्तके वाचण्याची सवय सरकारी सेवेत जडलेलीच होती.

या नियमांत जादूचे अनेक प्रकार आहेत. अग्नीचा गोळा फेकला तर तो किती दूर जाईल, किती इजा करील, हे आकड्यांत सांगता येते. मायाप्रयोगाचे तसे नाही. जादूगाराने नसलेली भिंत किंवा नसलेला खड्डा दाखवला, तर त्याचा परिणाम पाहणारा त्यावर विश्वास ठेवतो की नाही यावर अवलंबून राहतो. आणि विश्वास कोणत्या कोष्टकात बसवायचा?

पहिली अडचण सूत्रधाराच्या शब्दांची. या खेळात खेळाडूला डोळे नाहीत, हात नाहीत. सूत्रधाराचे वर्णन हेच त्याचे इंद्रिय. ‘समोर दगडी भिंत आहे,’ हे वाक्य खऱ्या भिंतीला आणि मायावी भिंतीला सारखेच लागू पडते. भिंत मायावी असताना असे म्हणणारा सूत्रधार खोटे बोलला काय? मला तसे वाटत नाही. दोरीवर साप दिसतो तेव्हा ‘साप दिसतो’ हे विधान खोटे नसते. आपल्या वेदान्तात व्यावहारिक आणि प्रातिभासिक अशा सत्तेच्या पायऱ्या मानल्या आहेत. खेळाचे कल्पित जग खेळाडूंनी समजून-उमजून स्वीकारलेले असते. ते त्यांचे व्यावहारिक सत्य. त्यातली माया ही प्रातिभासिक. मात्र ही दुसरी पायरी खेळाडूच्या नकळत रचली जाते, म्हणून तिच्याबरोबर एक कर्तव्य येते. खेळाडूने विचारले, ‘मशालीचा धूर भिंतीपाशी अडतो का?’ तर उत्तर खरेच दिले पाहिजे. योग्य प्रश्नाला खरे उत्तर मिळते तोवर ती माया. ते नाकारले की ती लबाडी.

नियमांचा इतिहासही हेच सुचवतो. १९७४ च्या मूळ नियमांत आभास खरा मानणाऱ्याला होणारी इजा खरी धरली जाई. विश्वास हाच तेथे निर्णायक. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत मायेचे पोटप्रकार पाडले गेले. जो लक्षपूर्वक निरखतो किंवा तिच्याशी काही व्यवहार करतो, त्यालाच ती ओळखण्यासाठी फासा टाकण्याची संधी मिळे. आणि ज्याच्या हाती खोटेपणाचा पुरावाच आहे, त्याला फाशाची गरज नसे. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत साध्या दृश्य मायेची परीक्षा करण्यासाठी पात्राला आपली एक कृती खर्च करावी लागते. तिच्यातून हात आरपार गेला की मात्र ती आपोआप उघडी पडते. थोडक्यात, निर्णयाचा पाया विश्वासाकडून परीक्षेकडे सरकला.

याच २०१४ च्या पुस्तकात मनावर घाला घालणाऱ्या एका मायेचे उदाहरण आहे, ते विसरता येत नाही. दरीवर नसलेला पूल दिसतो. माणूस त्यावर पाय ठेवतो आणि कोसळतो. वाचला तर तो काय म्हणतो? पूल होताच, मला कोणी ढकलले, माझा पाय घसरला, किंवा वाऱ्याचा झोत आला. आपल्या समजुतीला तडा जाऊ नये म्हणून माणसे किती कारणे शोधतात, हे ज्याने दीर्घकाळ लोकांचे अर्ज वाचले आहेत त्याला सांगावे लागत नाही.

तथापि मायेचा अतिरेक झाला की उलट दोष उत्पन्न होतो. मयसभेतील दुर्योधनाचे स्मरण करावे. स्फटिकाच्या भूमीला पाणी समजून त्याने वस्त्रे आवरली. मग खऱ्या पाण्याला स्फटिक समजून तो त्यात पडला. पुढे उघड्या दारापाशीही तो बिचकला. एकदा फसलेल्याला सत्यही खोटे वाटू लागते. जो सूत्रधार पावलोपावली माया पेरतो, त्याचे खेळाडू खऱ्या दारालाही हात लावेनासे होतात. त्याच्या शब्दावरचा विश्वास गेला की खेळाचे जगच उरत नाही, कारण ते जग त्या शब्दावरच उभे असते.

आता मुख्य प्रश्नाकडे वळतो. सूत्रधाराची खरी कसोटी त्याने रचलेल्या मायेत लागत नाही. खेळाडूने रचलेल्या मायेत लागते. कल्पना करा, अंगात बळ नसलेला एक जादूगार पाठलाग करणाऱ्या राक्षसांना थोपवण्यासाठी अरुंद वाटेवर एक खोल खड्डा दाखवतो. खड्डा नाही, हे सूत्रधाराला ठाऊक आहे. राक्षसांना ठाऊक नाही. आणि राक्षसांच्या वतीने निर्णय घ्यायचा आहे सूत्रधारानेच. तो म्हणू शकतो, ‘राक्षसाला संशय आला, तो सरळ चालत पुढे आला.’ खेळाडूची युक्ती वाया गेली. परंतु संशय राक्षसाला आला नव्हता. सत्य सूत्रधाराला ठाऊक होते. त्याने स्वतःचे ज्ञान राक्षसाच्या डोक्यात गुपचूप घातले. दुसऱ्या टोकाला, प्रत्येक राक्षस प्रत्येक वेळी फसतो असे ठरवणेही न्याय्य नाही. प्रश्न एवढाच असावा: या राक्षसाने काय पाहिले, आणि शंका घेण्यास त्याला कारण काय? खड्ड्याऐवजी आग दाखवली असती, तर जवळ आल्यावर धग लागत नाही हे त्याला जाणवले असते. खड्ड्यावर एखादा दगड पडून तेथेच टिकला, तर तेही कारण झाले. नुसत्या खड्ड्यापाशी मात्र तो थांबेल, वळसा घालील.

शासकीय सेवेत ज्यांनी अर्धन्यायिक प्रकरणे हाताळली आहेत, त्यांना ही अवस्था परिचित असेल. एखाद्या पक्षकाराविषयी अधिकाऱ्याला खासगी माहिती असते. ती अभिलेखावर नसते. त्या माहितीवर निर्णय देता येत नाही. ती वापरायची तर दोन्ही पक्षांसमोर ठेवून उत्तराची संधी दिली पाहिजे, असे नैसर्गिक न्यायाचे तत्त्व सांगते. माहिती खरी असली तरीही! कारण चोरवाटेने आलेले सत्य एका प्रकरणात योग्य निकाल देईल, पण निकाल देणाऱ्यावरचा विश्वास कायमचा घालवील.

यावर आक्षेप येईल की जे कळले ते न कळलेले कसे करणार? आक्षेप रास्त आहे. मन आज्ञेने विसरत नाही. म्हणून निग्रहाला पद्धतीची जोड लागते. कोणत्या राक्षसाला काय माहीत आहे, ते आधीच टिपून ठेवावे. खरोखर शंका असेल तेथे फासा सर्वांदेखत टाकावा. आपण येथे तटस्थ राहू शकत नाही, याची ती कबुलीच असते. आणि खेळ संपल्यावर निर्णयाची कारणे सांगावीत. कार्यालयात आम्ही याला सकारण आदेश म्हणत असू. दुसरा आक्षेप असा की, हा तर नुसता खेळ. पण कार्यालयातील निर्णयावर अपील असते. या टेबलावर अपील नाही, अभिलेख नाही. आहे तो केवळ सूत्रधाराचा प्रामाणिकपणा. म्हणूनच येथे तो अधिक लागतो.

तिसऱ्या आवृत्तीतील एका नियमाचा उल्लेख करून थांबतो. ज्याने माया ओळखली, तो सोबत्यांना तसे सांगू शकतो. पण त्याच्या सांगण्याने त्यांची माया मोडत नाही. त्यांच्या फाशात फक्त चारची भर पडते. फासा त्यांनाच टाकावा लागतो. घरातील वडीलधाऱ्यांनी हा नियम लक्षात ठेवण्यासारखा आहे. आपल्याला जे दिसते ते मुलानातवंडांना सांगावे, कारणांसह सांगावे. त्याने त्यांना चारची मदत होते. त्यांच्या वतीने त्यांचा संशय किंवा त्यांचा विश्वास ठरवण्याचा अधिकार मात्र आपल्याला नाही.