पंख कोणाचे?



नाताळ जवळ आला की पिशोरात आपण घरोघरी कागदी तारे करतो, गव्हाणी सजवतो. अशा वेळी मांज्याने पंख कापलेला पक्षी अंगणात पडला तर? ताऱ्यांच्या कागदाचा खोका रिकामा करावा, त्याला भोके पाडावीत, कापड अंथरून पक्ष्याला अंधारात, उबेत ठेवावे. चोचीत पाणी ओतू नये. ते श्वासनलिकेत जाते. लगेच वनखात्याला १९२६ वर कळवावे.

मुले म्हणतील, आपणच पाळू. पण १९७२ च्या कायद्याने रानपक्षी घरात ठेवता येत नाही. शिवाय प्रभू येशू सांगतात, जमिनीवर पडणारी चिमणीही पित्याला ठाऊक असते (मत्तय १०:२९). तारा आपण केला, पक्षी पित्याने केला. जपावे आणि गौताळ्याच्या रानाला परत द्यावे, एवढेच आपले काम. जे जपले ते परत सोपवण्याची कृपा आपण प्रभूजवळ मागू या.