नाममुद्रा

१९६४ च्या एप्रिलात डेक्का कंपनीने रोलिंग स्टोन्स या लंडनच्या पाच तरुणांची पहिली दीर्घ ध्वनिमुद्रिका काढली, तेव्हा वेष्टनावर ना त्यांचे नाव होते ना मुद्रिकेचे. अंधारातून पाहणारे पाच चेहरे आणि कंपनीची निशाणी, एवढेच. मेअखेरीस तीच मुद्रिका, एक गाणे बदलून, अमेरिकेत गेली, तेव्हा मात्र त्याच छायाचित्रावर हे इंग्लंडचे नवे लोकप्रिय कलावंत आहेत अशी जाहिरात छापली गेली. परंतु ज्या देशाला हा माल नवा म्हणून विकला जात होता, त्याच देशाच्या मातीतून तो उगवलेला होता. बारांपैकी नऊ गाणी दुसऱ्यांची, त्यांतली बहुतेक विली डिक्सन, जिमी रीड, चक बेरी, स्लिम हार्पो अशा कृष्णवर्णीयांची. वृंदाचे नावसुद्धा मडी वॉटर्सच्या एका गाण्यावरून घेतलेले. तबकडीच्या मध्यावरील गोल कागदावर, गाण्याच्या नावाखाली बारीक टाइपात या लोकांची आडनावे आहेत. त्यांतला ‘मूर’ म्हणजेच स्लिम हार्पो, हे ज्याला आधीच ठाऊक आहे त्यालाच ते कळावे.

ती आडनावे वाचताना माझे मन कृष्णाकाठच्या रेठरे हरणाक्षकडे जाते. आज सांगली जिल्ह्यात मोडणारे हे गाव त्या काळी साताऱ्यात होते, आणि तेथे १८६६ मध्ये श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, म्हणजे पुढचे लावणीकार पठ्ठे बापूराव, जन्मास आले. कोणते शेत कोणाच्या नावे हे दप्तरी लिहिणे हा ज्या वर्गाचा पिढीजात व्यवसाय, त्या वर्गातला हा पुरुष तमाशाच्या फडात उतरला. आणि त्या फडाची वहिवाट महार, मांग, कोल्हाटी यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या असूनही तिची सनद कोणत्याच दप्तरात नव्हती. ढोलकीच्या थापेने ज्याचे घर सुटले, ज्याची जात सुटली आणि ज्याचा शेवट १९४५ मध्ये दारिद्र्यात झाला, त्याच्या प्रेमाविषयी शंका घेण्याचा अधिकार मी कोणालाच देणार नाही. इंग्लंडच्या त्या तरुणांना असे मोल द्यावे लागले नाही, उलट अपार वैभव मिळाले. तरीही १९६५ मध्ये अमेरिकन दूरचित्रवाणीवर आपल्याबरोबर हाउलिन वुल्फ या ज्येष्ठ कृष्णवर्णीय गायकालाही बोलवावे असा आग्रह त्यांनी धरला आणि तो गात असताना ते त्याच्या पायाशी बसले, ही गोष्ट त्यांच्या खाती मी मनापासून जमा धरतो.

पण प्रेम खरे असले म्हणून हिशेब मिटत नाही. महाडच्या सत्याग्रहाच्या सुमारास बापूरावांनी आपल्या खेळांचे उत्पन्न डॉ. आंबेडकरांना देऊ केले आणि महार स्त्रियांना नाचवून मिळालेला पैसा आम्हांस नको, असे सांगून त्यांनी ते नाकारले, अशी हकीकत सांगितली जाते. आयुष्य उधळून दिलेल्या माणसाला हा नकार किती लागला असेल, याची कल्पना करताना मला क्लेश होतात, आणि तरीही तो नकार मला न्याय्य वाटतो. आमच्या लावणीत कवीचे नाव बारीक टाइपात दडत नाही. शेवटच्या कडव्यात ते सुरातच उच्चारले जाते, फडापुढच्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असे. बापूरावांच्या फडातली नर्तकी, हिवरगावची पवळा, ज्या वेळी ते कडवे म्हणे, त्या वेळी कंठ तिचा असे आणि त्यातून निघणारे नाव बापूरावांचे.