शिंदीचा द्रोण

नव्या प्रांतात राहावयास गेलेल्या माणसाने तेथील अन्न खावे, भाषा शिकावी, सण पाळावेत, हे सर्वांना मान्य असते. तेथील मद्याचे काय, हा प्रश्न मात्र आपण सभ्यपणे टाळतो. नांदेडहून हैदराबादेत आल्यावर पहिली काही वर्षे मीही तो टाळला. सहकाऱ्यांच्या आग्रहाखातर बाटलीतील बिअर घेतली होती. पण बिअर आमच्या मराठवाड्यात वाळूजलाही बनते, आणि दोहोंच्या चवीत मला तरी काही फरक जाणवला नाही. तिच्यात प्रांत नव्हता.

प्रांत होता तो कल्लूत. तेलुगूत कल्लू, हैदराबादी उर्दूत सेंधी, आमच्याकडे शिंदी. झाडाच्या शेंड्याजवळ खाच पाडून मडके बांधतात. पहाटेचा रस गोड असतो. मडक्याला आतून चुना फासला तर तो नीराच राहतो. नाही तर दुपारपर्यंत आपोआप आंबून फेसाळतो. एकाच झाडाचा रस सकाळी सात्त्विक आणि दुपारी निषिद्ध! गांधीजींनी नीरेचा आणि ताडगुळाचा पुरस्कार केला, ताडीचा नाही. ही सीमारेषा मला लहानपणी फार स्पष्ट वाटे.

तशी ती वाटावी यास घरचे कारण होते. ७ ऑगस्ट १९४७ रोजी स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेसने निजामाविरुद्ध लढा पुकारला. संस्थानाच्या तिजोरीत अबकारीचा वाटा मोठा. तो तुटावा म्हणून सत्याग्रहींनी गावोगावची शिंदीची झाडे तोडली. माझे आजोबा त्यांच्यात होते. आमच्या घरात ती कुऱ्हाड प्रत्यक्ष नव्हती, पण तिचा उल्लेख देवघरातील वस्तूसारखा होई.

एका सहकाऱ्याच्या गावी, भुवनगिरीजवळ, गेलो असता शेजारचे वृद्ध गौड झाडावरून उतरले. गौड म्हणजे परंपरेने हेच काम करणारा समाज. कमरेला दोर, अंगावर घाम. ताडाच्या पानाचा द्रोण करून त्यांनी पुढे धरला, "तागंडि सार." मी थबकलो. मनाशी म्हटले, भेसळीची भीती वाटते. ती खोटी नव्हती. शहरातील दुकाने २००४ मध्ये बंद झाली, २०१४ मध्ये पुन्हा उघडली. गुंगीची औषधे मिसळलेल्या ताडीने जुलै २०२५ मध्ये कुकटपल्लीकडे माणसे दगावली. परंतु येथे मडके माझ्या डोळ्यांदेखत उतरले होते. मग मला नेमके काय नको होते, पेय की ते देणारा हात? ज्या नकाराला मी आजवर संयम म्हणत आलो, त्यात जातीचे सोवळे किती आणि तत्त्व किती, हे वेगळे करता येईना. दारूने मोडलेले संसार मी पाहिले आहेत. नेल्लोर जिल्ह्यातील बायकांनी १९९२ मध्ये अरकविरुद्ध उभारलेल्या लढ्याचा मला आजही आदर वाटतो. परंतु त्या आपल्या घरासाठी झगडल्या. मी काहीही पणाला न लावता नाही म्हणत होतो.

प्यायलो. आंबूस, किंचित ताकासारखी, मागाहून गोडसर. आवडली असे म्हणणार नाही.

आणि मग, कदाचित त्या द्रोणाची फेड म्हणून, मी सहकाऱ्याकरवी आजोबांची गोष्ट सांगितली. वाटले, म्हातारा रागावेल किंवा हसेल. दोन्ही झाले नाही. त्यांनी कारागिराने विचारावे तसे विचारले, झाडे किती वर्षांची होती? रसाला आलेली होती का? मला ठाऊक नव्हते. दोर गुंडाळीत ते पुढे म्हणाले, "मग त्या गावातल्या गौडांनी त्या साली काय केले?"

आजोबांकडून ती हकीगत मी निदान वीस वेळा ऐकली असेल. त्यात निजाम होता, पोलीस होते, तुरुंग होता. झाडावर चढणारा माणूस त्यात कधीच आला नव्हता, आणि मीही त्याच्याबद्दल कधी विचारले नव्हते. आता विचारावे तर आजोबा नाहीत.