न दिलेले घेऊ नये: रक्ताच्या एका रिपोर्टविषयी



गेल्या महिन्यात शुक्रवारच्या वंदनेनंतर चहा चालू होता. नुकताच दोह्यात आलेला एक तरुण इंजिनिअर मला म्हणाला, "सर, हेल्थ डेटात स्कोप चांगला आहे म्हणतात. मी त्यात जाऊ का?" मी त्याला एसक्यूएल आणि पायथन पक्के करायला सांगितले, दोन-तीन कोर्सची नावे दिली. घरी परतताना जाणवले की उत्तराचा अर्धा भाग राहूनच गेला. तो राहिलेला भाग इथे लिहितो आहे.

मी मूळचा नागपूरचा. सॉफ्टवेअरमध्ये वीस वर्षे झाली, त्यातली निम्मी रुग्णालये आणि प्रयोगशाळांच्या प्रणालींवर काम करण्यात गेली. आणि मी सिकलसेलचा वाहक आहे. विदर्भातल्या आपल्या बऱ्याच घरांत हा शब्द नवा नाही. हिमोग्लोबिनच्या जनुकातले एकच अक्षर बदलते आणि तांबड्या पेशी कोयत्याच्या आकाराच्या होऊ शकतात. हा बदल आई आणि वडील दोघांकडून आला तर आजार होतो. एकाकडूनच आला तर माणूस वाहक ठरतो आणि सहसा त्याला आयुष्यभर काहीही त्रास होत नाही. दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. नागपूरच्या परिसरातील सिकलसेलबद्दल 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात १९५८ सालीच छापून आले होते.

कतारमध्ये राहणाऱ्यांना एक गोष्ट विशेष वाटेल. सौदी अरेबियाच्या पूर्व भागातील सिकलसेल आणि भारतातील सिकलसेल यांची जनुकीय पार्श्वभूमी एकच आहे. शास्त्रज्ञ तिला 'अरब-इंडियन हॅप्लोटाइप' म्हणतात. म्हणजे आखातातल्या एखाद्या अरब कुटुंबाच्या आणि माझ्या रक्तात एकाच जुन्या बदलाची खूण असू शकते. या बदलाचा जातीच्या उच्चनीचतेशी काही संबंध नाही. वाहकाला घातक मलेरियापासून काही प्रमाणात संरक्षण मिळते, म्हणून मलेरियाच्या प्रदेशांत हा बदल टिकला. जातीतल्या जातीत लग्ने लावण्याच्या रूढीने तो काही समाजांत साठत गेला, एवढाच जातीचा संबंध.

आता माझी चूक सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी मी एका कंपनीत काम करत होतो. एका ग्राहकाकडून मागणी आली की कर्मचाऱ्यांच्या वार्षिक तपासणीच्या माहितीत एक नवा रकाना हवा: 'रक्तदोष – आहे / नाही'. तपासणीचे आकडे डेटाबेसमध्ये होतेच. मी अर्ध्या तासात क्वेरी लिहिली. चाचणी पास झाली, शाबासकी मिळाली. रात्री जेवताना लक्षात आले की त्या यादीत मी असतो तर माझ्या नावापुढे 'आहे' आले असते. वाहक असणे हा दोष नाही हे मला पक्के माहीत होते, तरी तो रकाना मीच बनवला होता. त्या यादीचे पुढे काय झाले, कुणाची बढती अडली, कुणाचा विमा महागला की काहीच झाले नाही, मला माहीत नाही. मी विचारलेच नाही. आज मला टोचते ते हेच.

अशा याद्यांचे काय होऊ शकते हे इतिहासात नोंदलेले आहे. अमेरिकेत १९७०च्या दशकात कृष्णवर्णीयांची सिकलसेल तपासणी मोठ्या प्रमाणावर झाली. हेतू आरोग्याचाच होता. पण वाहक आणि रुग्ण यांतला फरक लोकांना नीट समजावला गेला नाही. धडधाकट वाहकांना नोकरी आणि विमा नाकारले गेले. तिथल्या हवाई दलाच्या अकादमीने १९८१ पर्यंत वाहकांना प्रवेश दिला नाही. ज्यांनी त्या याद्या टंकल्या, त्यांनीही बहुधा "मी फक्त माझे काम केले" असेच म्हटले असेल.

पंचशीलातील दुसरे शील आपण दर शुक्रवारी म्हणतो: अदिन्नादाना वेरमणी. आपण त्याचा सोपा अर्थ 'चोरी करू नये' असा घेतो. शब्दाचा नेमका अर्थ त्याहून कडक आहे: जे दिलेले नाही ते घेण्यापासून दूर राहणे. कर्मचाऱ्याने रक्त दिले ते स्वतःची प्रकृती कळावी म्हणून. तेच रक्त त्याला पारखण्यासाठी वापरले, तर ते दिलेले होते का? नळी त्याने दिली होती, पण त्या उपयोगासाठी दिली नव्हती. माझ्या मते हे अदिन्नादानच आहे, आणि त्यात क्वेरी लिहिणाऱ्याचाही हात असतो.

यावर कुणी म्हणेल, त्याने सही केली होती ना? आपल्यापैकी अनेकांनी इथे येण्याआधी वैद्यकीय तपासणीची रांग अनुभवली आहे. हातात कागद येतो, भाषा इंग्रजी किंवा अरबी, मागे शंभर माणसे उभी, पुढे नोकरी. सही न करण्याची सोय कुणाला आहे? मी तर इंजिनिअरिंगचे पदव्युत्तर शिक्षण घेतलेला, मीही न वाचताच सही केली. बांधकामावर येणाऱ्या भावाने काय वाचले असेल? संसर्गजन्य रोगांची तपासणी करण्याचा देशाला अधिकार आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण जिथे 'नाही' म्हणता येत नाही तिथल्या सहीला दानाचा दर्जा देता येणार नाही. अशा माहितीच्या बाबतीत ती हाताळणाऱ्याची जबाबदारी उलट वाढते.

विनयातील महावग्गात एक प्रसंग आहे. पोटाच्या विकाराने एक भिक्खू स्वतःच्याच घाणीत पडला होता आणि कुणी त्याच्याकडे बघत नव्हते. भगवान बुद्ध आणि आनंद यांनी त्याला स्वतः धुतले, उचलून नीट झोपवले. त्यानंतर भगवंतांनी चांगला रुग्ण कोण आणि चांगला शुश्रूषक कोण हे सांगितले. रुग्णाने आपला आजार जसा आहे तसा सांगावा, पण कुणाला? जो त्याचे हित इच्छितो त्या शुश्रूषकाला. आणि शुश्रूषक कसा असावा? मैत्रीभावाने सेवा करणारा, लाभासाठी नव्हे. मला वाटते की आरोग्याच्या माहितीची सगळी नीती या जोडीत आली आहे. रुग्णाचे खरे सांगणे आणि शुश्रूषकाचे निर्लोभ असणे एकमेकांवर उभे आहे. आज रुग्ण आणि डॉक्टर यांच्यामध्ये सर्व्हर, विमा कंपनी आणि आमच्यासारखे लोक आलो आहोत. आम्हीही त्या शुश्रूषेचा भाग आहोत, आम्हाला ते वाटो अथवा न वाटो.

मग सगळे लपवून ठेवावे का? तसेही नाही. १९३२ साली लोथियन समितीच्या वेळी काही प्रांतांतून अशी भूमिका घेतली गेली की आमच्याकडे अस्पृश्य फारसे नाहीतच. बाबासाहेब त्या समितीचे सदस्य होते आणि त्यांना स्वतंत्र टिपण द्यावे लागले. ज्यांची मोजणीच होत नाही त्यांना हक्क मिळत नाहीत, हे आपला समाज तेव्हापासून जाणतो. सिकलसेलचेही तसेच आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल आजाराचा समावेश झाला. १ जुलै २०२३ रोजी भारताने सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली, त्यात ७ कोटी लोकांची तपासणी करण्याचे लक्ष्य आहे. आकडे नसते तर यातले काहीच झाले नसते.

म्हणून प्रश्न 'सांगावे की लपवावे' एवढाच राहत नाही. कुणाला सांगितले, कशासाठी सांगितले आणि ऐकणारा सांगणाऱ्याचे हित इच्छितो का, हे पाहावे लागते.

हे लिहायला सोपे आहे. मागच्या वर्षी ते माझ्याच घरात आले. माझी भाचीही वाहक आहे. तिच्यासाठी चांगले स्थळ आले. ताई फोनवर म्हणाली, "तिला काही त्रास आहे का? नाही ना? मग कशाला सांगायचं?" त्या रात्री भाचीचा वेगळा फोन आला. "मामा, नाही सांगितलं तर ते खोटं बोलणं होते का?"

मी विचार करून सांगितले: बायोडाटात लिहू नकोस, तो कागद पन्नास घरांच्या व्हॉट्सॲपवर फिरतो, तिथे तुझे हित इच्छिणारा कुणी नाही. पण त्या मुलाला तू स्वतः सांग, बोलणी पक्की होण्याआधी. कारण होणाऱ्या मुलांचा प्रश्न त्याचाही आहे. इथे गप्प राहणे म्हणजे त्याच्या वाट्याचे त्याला न देणे. तिने सांगितले. मुलाने तपासणी केली, तो वाहक नव्हता. म्हणजे त्यांच्या मुलांना हा आजार होण्याचा धोका नव्हता. तरी आठ दिवसांनी त्याच्या घरून नकार आला. ताई अजून माझ्याशी मोकळेपणाने बोलत नाही. माझा सल्ला चुकला असे मला वाटत नाही, पण त्याची किंमत मी नाही, भाचीने दिली, हे मी विसरत नाही. आणि नकार देणारे घरही आपल्याच समाजातले होते. कायदा आपली माहिती इतरांपासून वाचवील. आपल्या घरातले अज्ञान आपल्यालाच काढावे लागेल.

कायद्याचेही थोडे सांगतो. कतारने २०१६ मध्येच वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा, क्रमांक १३, केला. त्यात आरोग्याची माहिती विशेष स्वरूपाची मानली आहे. भारतात २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी गोपनीयता हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला आणि २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहितीचा कायदा झाला. मात्र त्यात आरोग्याच्या माहितीसाठी वेगळा वर्ग ठेवलेला नाही. कायदे हवेतच, पण ते पुरत नाहीत. मे २०२० मध्ये इथले कोविडचे एहतेराज ॲप सगळ्यांना बंधनकारक होत असताना ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने त्यातली एक त्रुटी दाखवली: दहा लाखांहून अधिक लोकांची नावे, ओळख क्रमांक आणि आरोग्याची स्थिती बाहेरच्याला मिळू शकत होती. कळवल्यावर ती लगेच दुरुस्त झाली. तेव्हा कायदा होऊन तीन वर्षांहून अधिक काळ झाला होता.

तर त्या तरुण मित्राला माझे उरलेले उत्तर असे. या क्षेत्रात जरूर ये. आपले लोक तिथे हवेत. भारतातल्या माहितीतून नाव काढले आणि आडनाव व पिनकोड ठेवला तर जात उरते, हे आपल्याला कुणी शिकवावे लागत नाही. इतरांच्या ते लक्षातही येत नाही. २०१९ साली 'सायन्स' नियतकालिकात एक अभ्यास आला. अमेरिकेतली एक प्रणाली, ज्याच्यावर उपचारांचा खर्च जास्त तो जास्त आजारी, असे मानत होती. कृष्णवर्णीयांवर मुळात खर्चच कमी झालेला, म्हणून ते कागदावर निरोगी दिसत होते. दवाखान्यात पोहोचू न शकलेली आपली आजी डेटाबेसमध्ये कशी दिसेल, हा विचार तुझ्या मनात आपोआप येईल.

आल्यावर रोजच्या कामात थोडेसे पाळ. प्रत्येक रकान्याला विचार, तू कशासाठी आहेस? उत्तर नसेल तर तो घेऊ नकोस. चाचणीसाठी खऱ्या रुग्णांची माहिती लॅपटॉपवर उतरवू नकोस. कुणी कुणाची फाइल उघडली याची नोंद प्रणालीत राहील असे पाहा. मागणी खटकली तर ईमेलवर साधा प्रश्न लिही: याचा उपयोग काय, आणि ज्यांची माहिती आहे त्यांना तो माहीत आहे का? इथे आपला रहिवासी परवाना नोकरीला जोडलेला आहे, घराचे हप्ते आहेत, मुलांची फी आहे. नोकरीवर लाथ मार असे मी कुणालाही सांगणार नाही, मीही मारली नव्हती. पण प्रश्न विचारायला मला कुणी अडवले नव्हते. चेतना हेच कर्म, असे भगवंतांनी सांगितले आहे, आणि न विचारण्यामागेही एक चेतना असते. प्रज्ञेला शीलाची जोड हवी हे बाबासाहेबांचे म्हणणे आपण भाषणात ऐकतो. माझ्यासारख्याला ते एका क्वेरीच्या आधीच्या दोन मिनिटांत पाळायचे असते.

पुढच्या शुक्रवारी वंदनेनंतर सिकलसेलवर अर्धा तास बोलायचे मी ठरवले आहे. ज्यांना तपासणी कुठे आणि कशी करायची हे विचारायचे असेल त्यांनी मला बाजूला बोलावून विचारावे. कुणाचे नाव माझ्या तोंडून बाहेर जाणार नाही.

भवतु सब्ब मंगलं. जयभीम.