युद्ध कुठे दाखवायचं?

पुण्यात कॅम्पातून घोरपडीकडे जाताना राष्ट्रीय युद्धस्मारक लागतं. सुट्टीच्या दिवशी तिथे आलेल्या मुलांची पहिली धाव असते मिग-२३ विमानाकडे. कारगिलच्या युद्धात वापरलेलं हे विमान इतक्या जवळून बघायला मिळालं की मुलं हरखतात, आणि त्यांनी हरखावंच. पण ती घरी काय घेऊन जातात, हा प्रश्न मला छळतो. विमान लक्षात राहतं. ते उडवणारा कोण होता, हे क्वचितच कुणी विचारतं.

तिथेच आयएनएस त्रिशूळ या युद्धनौकेची प्रतिकृती आहे. डिसेंबर १९६१ मध्ये, गोवामुक्तीच्या लढाईत, या नौकेवरून नौसैनिक अंजदीव बेटावर उतरले. त्या बेटावर पोर्तुगीजांच्या गोळीबारात आपले सात नौसैनिक मारले गेले. प्रतिकृतीवर तोफा दिसतात, ते सात जण दिसत नाहीत.

व्हिएन्नामधल्या लष्करी इतिहासाच्या संग्रहालयातही तोफा, रणगाडे भरपूर आहेत. इमारतच जुन्या शस्त्रागाराच्या आवारातली. पण तिथल्या एका दालनात आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनंडचा निळा लष्करी कोट ठेवला आहे. २८ जून १९१४ रोजी सारायेव्होत त्याच्यावर आणि पत्नी सोफीवर गोळ्या झाडल्या गेल्या, तेव्हा अंगात असलेला हा कोट. जखम शोधण्याच्या घाईत कापलेला, रक्ताचे डाग पडलेला. ज्या मोटारीत ते दोघं बसले होते तीही तिथेच आहे. लाखो माणसं गिळणाऱ्या महायुद्धाची सुरुवात एका फाटक्या कापडात दिसते. मला हे धाडस मोलाचं वाटतं, कारण लष्करी संग्रहालयाने लष्कराचा गौरव करतानाच जखमही झाकली नाही.

त्या कोटाचं सातारा जिल्ह्याशी नातं आहे. सारायेव्होनंतर पेटलेल्या युद्धात अपशिंगे या एका गावातले ४६ जण कामी आले. त्या गावाच्या नावालाच पुढे ‘मिलिटरी’ जोडलं गेलं. मराठा पलटणी मेसोपोटेमियात लढत होत्या. तिथल्या कुत शहराच्या वेढ्यात त्यांनी अन्नावाचून दिवस काढले आणि एप्रिल १९१६ मध्ये शरणागतीनंतर उरलेले कैदेत गेले. युरोपातल्या राजघराण्याचं भांडण आपल्या शिवारापर्यंत कसं पोचलं, हे पुण्यातल्या शाळकरी मुलाला एका भिंतीवर वाचायला मिळायला हवं.

शिवाय जखमांचा इतिहास शोधायला पुण्याला लांब जावं लागत नाही. खडकीला क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट आहे. १९१७ मध्ये मुंबईत सुरू झालेली ही संस्था अपंग झालेल्या सैनिकांना हाताला काम शिकवते. खडकीतच मणक्याला इजा झालेल्या जवानांचं पुनर्वसन केंद्र आहे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंगत्व आलेल्या मुरलीकांत पेटकरांनी १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याचं सुवर्णपदक जिंकलं. पदकाची गोष्ट आपण सांगतो. त्याआधी इस्पितळात काढलेल्या दिवसांची सांगत नाही.

असं काही मांडलं तर मुलांचा सैन्याकडे ओढा कमी होईल, ही भीती मी ऐकली आहे. मला ती पटत नाही. अपशिंग्याच्या घरांना युद्धाची किंमत पुरती ठाऊक होती, तरी पुढच्या पिढ्या भरतीला उभ्या राहिल्याच.

घोरपडीचं स्मारक नागरिकांच्या वर्गणीतून उभं राहिलं, १५ ऑगस्ट १९९८ रोजी खुलं झालं. म्हणून त्यात भर घालण्याची मागणीही नागरिकांनीच करायला हवी. मिगच्या शेजारी एक चाकाची खुर्ची ठेवा, ती वापरलेल्या जवानाच्या संमतीने आणि त्याच्याच शब्दांतल्या माहितीसह. अंजदीवच्या सात जणांची नावं त्रिशूळच्या प्रतिकृतीपाशी लावा. आणि माळ्यावरच्या ट्रंकांमधली जवानांची पत्रं मिळवायला घरोघरी माणसं पाठवा. १९७१ ला लढलेले जवान आता सत्तरी ओलांडून गेले आहेत; कुठलं पत्र कुठल्या ठाण्यावरून लिहिलं, हे सांगणारे ते अजून आपल्यात आहेत.